नियम खेळात घाल, मग हुकूम लागणार नाही

अंगणवाडीत नवी सेविका आली की पहिल्या महिन्यात तिच्या तोंडी तीनच वाक्यं असतात: गप्प बसा, रांगेत या, मारू नका. घसा बसतो, पोरं बसत नाहीत. तूही आता या कामात आली आहेस. पिंपळनेरच्या आसपासच्या पाड्यांवर लेकरांमध्ये जिचं वय गेलं, तिचं एवढं ऐक माय. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला चांगलं वागायला शिकवायचं असेल तर सांगत बसू नको, खेळायला घे. तू तोंडानं सांगतेस तो नियम तुझा असतो. खेळात येतो तो नियम त्याचा असतो, आणि आपला नियम पोर जिवापाड पाळतं.

तळ्यात-मळ्यात खेळणारं चार वर्षांचं पोर नीट बघ. ‘मळ्यात’ म्हटलं की उडी मारायची, पण लागोपाठ दोनदा ‘मळ्यात’ म्हटलं तर जागचं हलायचं नाही. उडी अगदी पायात आलेली असते, तरी ते ती आवरून धरतं. चुकून पाय उचलला गेला तर स्वतःच जीभ चावतं. त्याला कुणी ‘थांब’ म्हटलेलं नसतं. नीट ऐकायचं, अंगात आलेलं आवरायचं, मग हलायचं. तू ज्याला शिस्त म्हणतेस ती हीच, आणि ती त्याच्याजवळ आहे.

मोठ्या विद्वानांनीही हेच ओळखलं होतं. रशियातले मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात मांडलं की खेळात मूल आपल्या रोजच्या वागण्याहून मोठं होऊन वागतं. पुढे १९४८ साली मॅनुइलेंको यांनी एक साधा प्रयोग केला. मुलांना नुसतं ‘हलू नका’ म्हणून उभं केलं, आणि दुसऱ्या वेळी पहारेकरी करून उभं केलं. पहारेकरी झालेली मुलं कितीतरी जास्त वेळ स्थिर उभी राहिली. मुलं तीच होती, पाय तेच होते. फरक होता तो भूमिकेचा. खाली सांगते ते सगळे कानमंत्र या एका गोष्टीतून आले आहेत.

१. शांतता मागू नको, बगळा कर

पांझरेच्या पाण्यात बगळा कसा उभा राहतो हे आपल्या प्रत्येक पोरानं पाहिलेलं असतं. तेच वर्गात आण. “आपण सगळे बगळे. मासा जवळ येतोय. पंख हलला तर मासा पळेल.” एक पोर मासा होऊन बगळ्यांमधून हळूच फिरतं. जो बगळा हलत नाही त्याच्याजवळ मासा येऊन थांबतो, आणि मग तो बगळा मासा होतो. तीन वर्षांचं पोर दोन्ही पायांवर उभं राहू दे. पाच वर्षांच्याला एका पायावर उभं राहायला सांग.

दुसरा खेळ कुजबुजीचा. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालघर सुरू केलं. तिथं त्या मुलांच्या मागे दूर उभ्या राहून एकेकाचं नाव अगदी हळू आवाजात घेत, आणि ज्याचं नाव येई त्यानं पावलांचा आवाज न करता त्यांच्याकडे यायचं. आपलं नाव चुकू नये म्हणून सारी मुलं कान देऊन बसत. हा खेळ तुझ्या वर्गात आजही तसाच चालेल. आवाज चढवून वर्ग शांत होत नाही. तुझा आवाज उतरला की त्यांचाही उतरतो.

मात्र वेळ साध. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि तो पार फसतो, कारण मुलांची अजून त्याच्याशी ओळखच झालेली नसते. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. हे कायम लक्षात ठेव. आधी पळापळ, उड्या, गोष्ट, आणि मग शांतता. अंगातली रग जिरली नसेल तर एकही बगळा उभा राहणार नाही.

२. रांग लावू नको, एसटी काढ

खिचडीच्या वेळी आणि हात धुताना सगळ्यांत जास्त ढकलाढकली होते. ‘रांगेत या’ म्हणण्याऐवजी “पिंपळनेर स्टँडवरून गाडी सुटणार” म्हण. पुढचं पोर ड्रायव्हर, शेवटचं कंडक्टर. कंडक्टर प्रत्येकाला पळसाच्या पानाचा तुकडा देतो, तेच तिकीट. गाडी सामोड्याला थांबते, तिथं हात धुवायचे. साक्रीला थांबते, तिथं ताट घ्यायचं. धुळ्याला सगळे उतरून पंगतीला बसायचे. एसटीत कुणी पुढच्याला ढकलत नाही, कारण ढकलाढकली झाली तर गाडी सुटणार नाही हे पोरांना आपोआप पटतं.

यात दोन गोष्टी सांभाळ. ड्रायव्हर आणि कंडक्टर रोज बदलायचे, आणि कालचे कोण होते हे पोरांनाच विचारायचं. त्यांना पक्कं आठवतं, आणि पाळी म्हणजे काय हे तिथंच कळतं. दुसरं, जे पोर सर्वांत जास्त ढकलतं त्याला आठवड्यातून एकदा तरी कंडक्टर कर. ज्याच्या हातात तिकिटं आहेत त्याला रांग सांभाळावी लागते. रांग मोडणाऱ्याला रांगेची जबाबदारी दिली की तो बदलतो. मात्र ही शिक्षा आहे असं त्याला कळू देऊ नको, कौतुकानं दे.

आणि रांग लांब असेल तर दोन गाड्या काढ. तीन वर्षांच्या लेकराला हात धुवायला फार वेळ ताटकळत ठेवलंस तर दोष त्याचा नाही, आपल्या आखणीचा आहे.

३. त्याच्या बोलीत बोल

आपल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात एकाच वर्गात कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी कोकणा समाजाची बोली, कुणाच्या घरी भिली तर कुणाच्या घरी मावची. आपण पुस्तकी मराठीत म्हणतो, “सर्वांनी आपापल्या जागी बसून घ्या.” अर्धा वर्ग तसाच उभा राहतो आणि आपण म्हणतो, पोरं ऐकत नाहीत. ती ऐकतात, त्यांना कळत नाही.

म्हणून पहिल्या महिन्यात रोजच्या दहा-बारा सूचना तुझ्या पोरांच्या घरच्या बोलीत शिकून घे. ये, बस, थांब, हळू, दे, घे, धू, ठेव. पोरांच्या आयांनाच विचार, त्या हसत हसत शिकवतील. अहिराणी घरातल्या पोराला “आठे ये” म्हटलं की ते लगेच येतं, कारण तो आवाज त्याच्या आईचा आहे. मग त्याच सूचनांचा खेळ कर. एक सूचना अहिराणीत, एक मराठीत, एक नुसती हातानं. पोरं तिन्ही ऐकायला शिकतात, आणि जिची बोली वर्गात बोलली जाते ती पोरगी मागे तोंड लपवून बसत नाही.

४. “हाई मनं शे” (हे माझं आहे) याला घाबरू नको

खेळण्यावरून भांडण झालं की आपण पहिलं वाक्य म्हणतो, “त्याला दे, शहाणी ना तू!” तीन वर्षांच्या पोरीला ते पटत नाही, आणि पटणार नाही. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टेन यांनी बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ साली मांडलं की लहान मुलं आधी एकेकटी खेळतात, मग शेजारी बसून आपापलं खेळतात, आणि मिळून खेळणं त्यानंतर हळूहळू येतं. म्हणजे शेजारी बसून आपापली माती थापणारी दोन पोरं भांडकुदळ नाहीत. ती त्यांच्या वयासारखी वागतात.

लहानांसाठी एकाच जातीच्या दोन वस्तू ठेव. दोन डबे, दोन करवंट्या, दोन चिंध्यांच्या बाहुल्या. निम्मी भांडणं तिथंच मिटतात. मोठ्यांसाठी असे खेळ घे जे एकट्याला खेळताच येत नाहीत. जुनी साडी चौघांनी चार टोकांनी धरायची आणि मधला कापडाचा चेंडू खाली पडू द्यायचा नाही. एकानं टोक सोडलं की चेंडू पडतो. मग ‘सगळ्यांनी मिळून करा’ असं तुला सांगावं लागत नाही, साडीच सांगते.

पाळीसाठी चिंचोके वापर. झोक्याच्या प्रत्येक हेलकाव्याला थांबलेल्यानं वाटीतून एकेक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा, दहा झाले की झोक्यावरच्यानं उतरायचं. थांबलेलं पोर ‘आते मना नंबर’ म्हणत रडत नाही. त्याला आपला नंबर जवळ येताना डोळ्यांनी दिसतो. आणि मोजणीही येते. मात्र चिंचोके, मणी तोंडात घालणाऱ्या लेकरांच्या हाती देऊ नको, त्यांना मोठे दगड किंवा डब्यांची झाकणं दे.

५. पसारा आवरायचा खेळ संध्याकाळचा

“खेळणी उचला” म्हटलं की सगळी पोरं दुसऱ्याकडे बघतात. “दिवस मावळला, गुरं गोठ्यात आणा” म्हटलं की पळत सुटतात. लाकडी ठोकळे म्हणजे बैल, चेंडू म्हणजे शेळ्या, बाहुल्या म्हणजे घरची माणसं. प्रत्येकाचा गोठा वेगळा, पुठ्ठ्याच्या खोक्यावर चित्र काढून ठेव म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. शेवटी एक राखणदार फिरून बघतो, कुठलं वासरू बाहेर राहिलं का.

खेळ एकदम बंद करू नको. रंगात आलेल्या डावातून पोराला उपटून काढलं की ते चिडणारच. आधी थाळी एकदा वाजव, म्हणजे थोडा वेळ उरला. मग दोनदा वाजव, म्हणजे गुरं गोठ्यात. ही खूण रोज तीच ठेव. पुढं काय होणार हे ज्याला ठाऊक असतं ते पोर रडत नाही.

६. बाद करणारे खेळ बदलून घे

संगीत खुर्चीत सगळ्यांत आधी कोण बाद होतं? जे सर्वांत लहान, सर्वांत हळू किंवा गोंधळलेलं असतं ते. आणि बाद झाल्यावर ते कोपऱ्यात बसून काय करतं? शेजाऱ्याला चिमटे काढतं. ज्याला खेळाची सगळ्यांत जास्त गरज होती त्यालाच आपण पहिल्यांदा बाहेर काढलं.

खेळ तोच ठेव, नियम फिरव. खुर्च्यांऐवजी पोती पसर. ताल थांबला की एक पोतं कमी होईल, पण पोर एकही कमी होणार नाही. उरलेल्या पोत्यांवर सगळ्यांनी मावायचं. मग पोरं एकमेकांना हात देऊन ओढून घेतात, लहानग्याला मांडीवर घेतात. तसंच मामाचं पत्र हरवलं या खेळात पकडलं गेलेल्यानं बाहेर बसायचं नाही, पुढचं पत्र त्यानंच टाकायचं. आंधळी कोशिंबीर लहानांसाठी पट्टी न बांधता घे, नुसते डोळे मिटायला सांग, कारण काही लेकरांना अंधार सोसत नाही, त्यांना हवं तेव्हा डोळे उघडता आले पाहिजेत.

मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवाचे दिवस आले की पोरं घरून पावरी वाद्याचा ताल घेऊन येतात. देवाची नक्कल वर्गात करवून घेऊ नको, तो मोठ्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. फेर मात्र जरूर धर. थाळीच्या तालावर सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं, ताल थांबला की सगळे थांबतात. त्या फेरात कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, आणि सोबत्याचा हात सुटू न देणं हाच नियम.

७. मारणाऱ्या पोराला आधी खेळ दे, मग शब्द दे

जे पोर मारतं, चावतं, त्याच्याजवळ रागासाठी शब्द नसतात. त्याला ‘वाईट’ म्हणशील तर ते वाईट होऊनच दाखवील. एका कोपऱ्यात जुनी गोधडी टांगून गुहा कर. “वाघाला राग आला की वाघ गुहेत जातो. तिथं लांब श्वास घेतो, हळूच सोडतो, मग बाहेर येतो.” हा खेळ सगळे शांत असताना रोज सगळ्यांनी खेळायचा, प्रत्येकानं एकदा वाघ व्हायचं. मग खरा राग आला की पोराला जायला जागा असते. पण तू त्याला हाताला धरून तिथं कोंबू नको. ज्या दिवशी गुहा शिक्षेची खोली होईल त्या दिवशी वाघ तिथं जायचं बंद करील.

दुसरी युक्ती हातबाहुलीची. जुन्या कापडाची, बटणांच्या डोळ्यांची. ही बाहुली रोज काहीतरी चुकते. कुणाला ढकलते, हात न धुता जेवायला बसते, दुसऱ्याचं खेळणं हिसकते. पोरांना विचार, “हिला कसं सांगू?” सगळ्यांत जास्त मारणारं पोर सगळ्यांत पुढे येऊन तिला समजावतं: “मारायचं नाही, मागायचं.” त्याला तू हे वाक्य हजारदा सांगितलं असतंस तर त्यानं कान बंद केले असते. बाहुलीला सांगताना ते वाक्य त्याच्या स्वतःच्या तोंडचं होतं. पण लगेच “मग तू का मारतोस?” असं विचारून त्याला पकडू नको. बाहुलीवरचा विश्वास कायमचा जाईल.

ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा. मारणाऱ्यालाच सोबत घे, पाणी आणायला सांग, फुंकर घालायला सांग. तोंडदेखलं ‘सॉरी’ वदवून घेण्यापेक्षा हे हातानं केलेलं त्याला जास्त कळतं.

८. भातुकली बघत राहा

भातुकली, बाजार आणि दवाखाना हे तीन कोपरे वर्गात कायम असू देत. त्यासाठी पैसे लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करायला गेल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली, आणि महागड्या साधनांच्या जागी बिया, पानं, शिंपले, माती अशा भोवतालच्या वस्तू घेतल्या. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही वाट. तू तिच्यावरूनच चालते आहेस, तेव्हा खेळण्यांची पेटी आली नाही म्हणून कधी अडून बसू नको.

बाजाराच्या कोपऱ्यात मातीची वांगी, मिरच्या, नागलीची वाटी ठेव. विकणारा आणि घेणारा झालं की पोरं आपसूक विचारायला, थांबायला, नाही म्हणायला आणि नाही ऐकायला शिकतात. मुलगेही भाकरी थापू देत, मुलीही ट्रॅक्टर चालवू देत. कुणी हसलं तर ओरडू नको, तूच जाऊन त्या मुलाच्या हातची भाकरी माग.

आणि हे कोपरे कान देऊन ऐक. बाहुलीला कुणी कसं रागावतं, दारुडा बाप कोण होतं, आई होऊन कोण रडतं, यातून घरचं कळतं. जे ऐकशील ते गावात बोलायचं नाही. त्या लेकराला दुसऱ्या दिवशी थोडं जास्त जवळ घ्यायचं, आणि काही गंभीर दिसलं तर पर्यवेक्षिकेच्या कानावर घालायचं.

९. बक्षिसाचं आमिष दाखवू नको

“जो शांत बसेल त्याला चॉकलेट” हे वाक्य सोपं आहे आणि महाग आहे. अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एका बालवाडीत पाहिलं की चित्रं काढायला ज्यांना मनापासून आवडत होतं, त्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर पुढे मोकळ्या वेळात ती मुलं आधीसारखी रंगांकडे वळेनात. बक्षीस न मिळालेली मुलं मात्र रंगवत राहिली. चांगल्या वागण्याचंही तसंच होतं. चॉकलेट संपलं की शांतता संपते.

त्याऐवजी बघितलेलं सांग. ‘शहाणा मुलगा’ म्हणू नको, “तू तिच्यासाठी पोत्यावर जागा केलीस, ती बसली” असं म्हण. काय केलं आणि त्यानं काय झालं, एवढंच. आणि कौतुक अशाचंही कर ज्याचं कधी कुणी करत नाही. दिवसभरात एकदा तरी ते पोर काहीतरी चांगलं करतंच. आपलं लक्ष असायला हवं.

खेळही बक्षीस म्हणून वापरू नको, आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नको. “तू मारलंस, आता खेळायचं नाही” म्हणणं म्हणजे आजाऱ्याचं औषध बंद करणं.

१०. भीतीचा खेळ कधीच नको

बागुलबुवा, पोलीस, पोरं पळवणारा म्हातारा, यांतलं कुणीही वर्गात आणू नको. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: “नर्सबाई येऊन सुई टोचेल” असं चुकूनही म्हणू नको, मदतनीस ताईलाही म्हणू देऊ नको. लसीकरण तुझ्याच अंगणवाडीत होतं. ज्या सुईची भीती घालून तू आज वर्ग गप्प केलास, तिच्याच धाकानं लसीच्या दिवशी पोरं शेतात पळून जातील आणि आया दार लावून घेतील. उलट दवाखान्याच्या कोपऱ्यात पोरांनाच नर्सबाई कर. बाहुलीला सुई टोचून, तिला कुशीत घेऊन, “झालं हं” म्हणू दे. लसीच्या दिवशी तेच वाक्य त्यांच्या उपयोगी पडतं.

हात उगारायचा तर प्रश्नच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला, दोन्हींना मनाई करतं. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान लेकरांच्या बाबतीत आपण कायद्याची वाट बघू नये.

११. ऊसतोडीहून आलेल्यांसाठी पहिला दिवस पुन्हा कर

दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी घरं गुजरातकडे ऊस तोडायला जातात, आणि लेकरं सोबत जातात. उन्हाळ्याच्या सुमारास ती परत येतात तेव्हा रांग, थाळीची खूण, गोठा, सगळं विसरलेलं असतं. ते महिने त्यांनी कोपीत, उघड्यावर, मोठ्यांच्या कामाच्या वेळा सांभाळत काढलेले असतात. “सगळं विसरलास का?” असं म्हणू नको. त्या दिवशी संपूर्ण वर्गासाठी पहिला दिवस कर. नावांचा खेळ पुन्हा, एसटीची ओळख पुन्हा. गावात राहिलेल्या पोरांना शिकवायला लाव. आणि जाऊन आलेल्यांना त्यांचा खेळ घ्यायला सांग. मोळ्या बांधणं, ट्रक भरणं ते असं काही खेळतात की सगळा वर्ग त्यांच्यामागे जातो. ज्याच्याजवळ देण्यासारखं काही आहे असं वर्गानं मानलं, ते पोर दंगा करून लक्ष वेधत नाही.

१२. दारात गाऱ्हाणं सांगू नको, खेळ सांग

आई घ्यायला आली की “आज यानं दोघांना मारलं” हे चारचौघींत सांगितलं तर घरी त्याला मार बसतो, आणि उद्या तो तोच मार वर्गात आणतो. आधी दिवसातलं एक चांगलं सांग. मग एक खेळ सांग, जो तिला भाकरी थापता थापता घेता येईल. “ताटं मांडायची एसटी घरी काढ”, “झोपताना कुजबुजून नाव घे.” आजीला विशेष सांग. आपल्याकडे घराघरात तीच खरी शिक्षिका आहे, आणि खेळ तिच्याइतके कुणालाच येत नाहीत. महिन्यातून एकदा एखाद्या आजीला वर्गात बोलाव, तिच्या लहानपणचा खेळ घ्यायला लाव.

कुणी विचारेल, “नुसतं खेळवता, लिहायला कधी शिकवणार?” त्यांना सांग की २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि आपल्या राज्यातल्या अंगणवाड्यांसाठी तयार झालेला ‘आकार’ अभ्यासक्रम, दोन्ही या वयात खेळातून शिकण्यावरच भर देतात. आणि मग त्यांना तासभर वर्गात बसव. बगळा खेळताना पाहिल्यावर ते पुन्हा विचारणार नाहीत.

१३. खेळानं जमत नसेल तर पोटाकडे आणि कानाकडे बघ

सगळं करूनही एखादं पोर चिडचिडं राहतं किंवा ऐकतच नाही. तेव्हा खेळ बदलण्याआधी चार गोष्टी तपास. सकाळी काही खाऊन आलं का? रात्री झोपलं का? पोटात जंत आहेत का? कान वाहतो का? मागे उभी राहून हळू टाळी वाजव. वळलं नाही तर ते हट्टी नाही, कदाचित त्याला नीट ऐकू येत नसेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. अशा लेकरांची नावं आधीच लिहून ठेव आणि त्या दिवशी ती हजर राहतील असं बघ. तोवर थांबण्यासारखं नसेल तर आईला सोबत घेऊन ते पोर सरकारी दवाखान्यात दाखव.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नको माय. तुझ्या वर्गात रोज कोणत्या वेळेला सगळ्यांत जास्त आरडाओरडा होतो ते आधी बघ. हात धुताना होत असेल तर फक्त एसटी घे, आणि दोन आठवडे दुसरं काही बदलू नको. पोरांना रोज तोच खेळ हवा असतो, कंटाळा आपल्याला येतो, त्यांना येत नाही. एसटी तुझ्याशिवाय चालायला लागली, ड्रायव्हर-कंडक्टर पोरंच ठरवू लागली, की मगच पुढचा खेळ घे. मोठ्या गटातली पोरं जूनमध्ये पहिलीला जातील तेव्हा तिथं एसटी नसेल, बगळा नसेल. पण थांबायचं कसं, मागायचं कसं, दुसऱ्यासाठी जागा करायची कशी, हे ती सोबत घेऊन जातील. त्यासाठीच आपण खेळायचं, आणि मनापासून, त्यांच्याइतकंच खरं मानून खेळायचं.